हलतंय कोण, तुळई की कॅमेरा?

रात्री अडीचच्या सुमाराला आमची तुळई वर जायला लागली.

एका शाळेची जुनी इमारत होती. पहिल्या मजल्यावरच्या वर्गात विटांचा बांध घालून, आत ताडपत्री अंथरून ३८ सेंटीमीटर पाणी भरलं होतं. वर्गखोलीसाठी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन वापरभार धरतात, भारचाचणीला त्याच्या सव्वापट लागतो, आणि तेवढं वजन पाण्यानं द्यायचं तर एवढी उंची येते. खालच्या वर्गात तिपाईवर कॅमेरा, तुळईच्या बाजूवर चिकटवलेली काळ्या वर्तुळाची खूण, दर दहा मिनिटांनी एक फोटो. संध्याकाळपासून आलेख शहाण्या मुलासारखा खाली उतरत होता. अडीचला तो वळला आणि तीनपर्यंत ०.६ मिलिमीटर वर चढला.

पाणी गळालं असेल म्हणून माझा सहकारी जिना चढून पट्टी बुडवून आला. पाणी होतं तेवढंच होतं. मग खुणेवर विजेरी मारली. ताडपत्रीतून झिरपलेली ओल तुळईच्या अंगावरून उतरली होती, कागद दमटला होता आणि त्याची खालची कड सुटून कॅमेऱ्याच्या दिशेनं वळली होती. त्यामुळे वर्तुळाचा खालचा भाग आखूड दिसत होता आणि त्याचा मध्य वर सरकल्यासारखा भासत होता. हलला होता कागद, आणि आम्ही तुळई हलली असं लिहून घेत होतो.

कॅमेऱ्यानं तुळईचा वाक मोजायची इच्छा आता बऱ्याच जणांना होते. साइटवरच्या तरुण इंजिनिअरांना होते, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना होते, आणि पार्किंगमधल्या बीमनं पोट काढल्यासारखं वाटणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही होते. इच्छा चांगली आहे. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे वाचन घ्यायला कुणाला भाराखाली उभं राहावं लागत नाही. पण कॅमेऱ्याला अंतर कळत नाही. दोन फोटोंमध्ये चौकटीच्या कडेपासून काय किती सरकलं, एवढंच तो सांगतो. सरकलं कोण, तुळई, खूण, तिपाई की तिपाईखालची फरशी, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून कॅमेरा कुठला घ्यावा या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न विचारायचा: चौकटीत न हलणारं काय आहे?

आपले मिस्त्री हे फार पूर्वीपासून जाणतात. दोन टोकांना खिळे मारून लाइनदोरी ताणायची आणि मधोमध दोरी व तुळई यांच्यातली फट सुतांत मोजायची. दोरी ही त्यांची न हलणारी गोष्ट. (दोरीलाही स्वतःचा झोल असतो, पण तो रोज सारखा राहिला तर फरक मोजायला बिघडत नाही.) कॅमेऱ्याचं काम याहून वेगळं नाही. फक्त दोरीची जागा कोण घेणार, हे आधी ठरवावं लागतं.

आधी वहीवर गणित

समजा तुळईचा गाळा ५ मीटर आहे आणि तुम्ही ५ मीटर अंतरावर फोन लावला. फोनच्या मुख्य लेन्सला तिथून साधारण साडेसहा मीटर रुंदी दिसते. बारा मेगापिक्सेलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो. म्हणजे एका पिक्सेलला १.६ मिलिमीटर आले. चांगल्या उजेडात, ठसठशीत वर्तुळाचा मध्य सॉफ्टवेअरनं काढला तर पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत पोहोचता येतं, म्हणजे कागदावर ०.१६ मिलिमीटर. ऐकायला छान वाटतं.

आता दुसरं गणित. तिपाईचं डोकं एका अंशाच्या शंभराव्या भागानं झुकलं, तर ५ मीटरवर चित्र ०.८७ मिलिमीटर सरकतं. अंशाचा शंभरावा भाग म्हणजे काय? तिपाईच्या एका पायाचं रबर उन्हानं जरासं दबलं, कुणी फोनच्या पडद्याला बोट लावलं, शेजारून वाळूची पोती घेऊन माणूस गेला, तरी एवढं होतं. पिक्सेलचा दहावा भाग पकडायला निघालेला माणूस इथे अर्ध्या पिक्सेलनं फसतो. हेच झुकणं अंशाच्या दहाव्या भागाएवढं झालं तर पावणेनऊ मिलिमीटरची खोटी हालचाल दिसते, आणि मग सोसायटीत नुसती धावपळ.

यावरचा उपाय महागडी तिपाई नाही. हलणाऱ्या खुणेच्या शेजारी, त्याच चौकटीत, न हलणारी खूण आणून ठेवायची.

आम्ही ते असं करतो. पत्र्याच्या डब्यात काँक्रीट ओतून त्यात दीड इंची जीआय पाइप उभा करायचा, गणपतीच्या मांडवाचे खांब काही ठिकाणी असे करतात तसा. पाइपचं वरचं टोक तुळईच्या खाली दोन-तीन सेंटीमीटर मोकळं राहिलं पाहिजे. तुळईला टेकलं तर सगळंच फुकट. टोकाजवळ एक खूण पाइपवर लावायची आणि तिच्या लगत वर दुसरी खूण तुळईच्या बाजूवर. कॅमेऱ्याच्या चौकटीत या दोनच खुणा घ्यायच्या. आता तिपाई झुकली तर दोन्ही खुणा सारख्याच सरकतात आणि वजाबाकीत झुकणं निघून जातं. उरते ती तुळईची हालचाल. पाइप तुळईच्या चारआठ सेंटीमीटर पुढे आला तरी पाच मीटरवरून पाहताना फारसं बिघडत नाही. कॅमेरा १ मिलिमीटर खाली बसला तर चूक ०.०२ मिलिमीटरच्या आत राहते.

याचा आणखी एक फायदा आहे. सबंध तुळई चौकटीत बसवायची गरज उरत नाही, त्यामुळे खुशाल जवळचं दृश्य घेता येतं. धूळ खात पडलेला जुना २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आणि २०० मिलिमीटरची लेन्स असेल, तर ५ मीटरवरून सुमारे ६० सेंटीमीटर रुंदी ६००० पिक्सेलांत पसरते. पिक्सेलला ०.१ मिलिमीटर आला. आता दहावा भाग काढायची कसरत केली नाही तरी चालतं.

डबा कशावर ठेवता तेही पाहा. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर ते वाळूवर बसवलेले असतात, गाडी गेली की हलतात. दोन ब्लॉक उचलून खालच्या घट्ट थरावर बसवा. फरशी असेल तर आधी ठोकून पाहा. पोकळ वाजली तर जागा बदला.

दोन्ही टोकं विसरायची नाहीत. तुळईचा वाक म्हणजे मध्यबिंदू टेकूंच्या तुलनेत किती खाली गेला, ते. खांबच बसले असतील तर मध्यही खाली जाईल, पण तो वाक नव्हे. म्हणून तिन्ही ठिकाणी पाइप-खुणांच्या जोड्या हव्यात. डावं टोक ०.४, उजवं ०.८ आणि मध्य ३.१ मिलिमीटर उतरला असेल, तर टोकांची सरासरी ०.६ वजा करून वाक २.५ मिलिमीटर. कॅमेरा एकच असेल तर तिन्ही जोड्यांचे फोटो पाळीपाळीनं काढता येतात, कारण प्रत्येक जोडी स्वतःपुरती तुलना करते. कॅमेरा उचलून हलवला तरी चालतो, दर वेळी त्याच जागी आणि त्याच उंचीवर परत आणला म्हणजे झालं; ही पाइपची कृपा.

खूण कशाची करावी

कागदाची नको, हे एव्हाना पटलं असेल. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने कागद पापडासारखा वागतो. लॅमिनेशन केलं तर ओल थांबते पण चकाकी येते, आणि ट्यूबलाइटचा पट्टा नेमका वर्तुळावर पडतो. नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानात एसीपी शीट मिळते. तिच्यावर मॅट छपाई करून वीतभर चौरसाच्या चार-सहा खुणा पाडून घ्या. पांढऱ्यावर काळं वर्तुळ, ५ सेंटीमीटर व्यासाचं, आणि एकाखाली एक असे दोन बारीक ठिपके, बरोबर १०० मिलिमीटर अंतरावर. हे दोन ठिपके तुमची मोजपट्टी. फोटोत त्यांच्यामधले पिक्सेल मोजले की पिक्सेलला किती मिलिमीटर ते कळतं. कॅमेरा खालून वर तिरका पाहत असेल तर उभी हालचाल आखूड दिसते, तीस अंशांवर ३ मिलिमीटरचे २.६ दिसतात, पण ठिपक्यांमधलं अंतरही तेवढंच आखडतं, त्यामुळे हिशेब आपोआप जुळतो.

छापून आलेली खूण व्हर्नियरनं मोजल्याशिवाय लावू नका. छपाईवाला पानात बसवण्यासाठी चित्र चारदोन टक्के लहान करतो आणि सांगत नाही.

चिकटवताना गिलाव्यावर चिकटवू नका. जुना गिलावा आतून सुटलेला असतो. तो फुगला की खूणही फुगते. हातभर जागा टाचून काँक्रीट उघडं करा, तारेच्या ब्रशनं घासा, एपॉक्सीनं खूण बसवा. दुहेरी टेप दोन दिवसांच्या चाचणीला एक वेळ चालेल, वर्षभराच्या कामाला नाही.

लाकडी तुळईच्या वाड्यांत हेच करायचं, फक्त खूण दोन बारीक स्क्रूंनी बसवा आणि दमट दिवसांची वेगळी नोंद ठेवा. लाकूड पाणी पितं आणि आडवं फुगतं.

कॅमेऱ्याचा शहाणपणा बंद करा

आजच्या फोनला फोटो सुंदर करायचा असतो, आपल्याला तो एकसारखा हवा असतो. हात थरथरला तरी चित्र स्थिर राहावं म्हणून लेन्स आत तरंगती ठेवलेली असते. ती दर फोटोला किंचित वेगळ्या जागी थांबते. ही सोय बंद करता येत असेल तर करा. कित्येक फोनांत ती बंद होतच नाही. पाइपवाली पद्धत वापरत असाल तर तीही चूक दोन्ही खुणांना सारखी लागते आणि बरीचशी वजा होते. फोकस आणि उजेड हातानं ठरवून कुलूपबंद करा. एचडीआर, नाइट मोड, सुशोभन, सगळं बंद. डिजिटल झूम म्हणजे फक्त कातरून मोठं करणं, त्यात नवी माहिती येत नाही. जमत असेल तर कच्चं रूप, म्हणजे रॉ, साठवा.

बटण बोटानं दाबू नका. टायमर लावा किंवा ब्लूटूथचं छोटं बटण घ्या. दर वेळी एक नाही, दहा फोटो काढा आणि सरासरी घ्या. दिव्यांखाली काम करत असाल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा; आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि दिवे त्या तालात लुकलुकतात, वेगळ्या वेगावर फोटोत पट्टे येतात. फोन चार्जिंगला लावून तासन्‌तास चालवला की तापतो, आणि तापलेल्या फोनमधलं चित्रही किंचित सरकतं. पहिला अर्धा तास नुसता चालू ठेवा, मग वाचनं सुरू करा.

वर्तुळाचा मध्य काढायला इमेजजे पुरेसं आहे. व्हिडिओवरून मोजायचं तर ट्रॅकर नावाचं सॉफ्टवेअर भौतिकशास्त्राच्या वर्गांसाठी बनलेलं आहे आणि फुकट आहे. प्रोग्रॅमिंग येत असेल तर ओपनसीव्हीत वीसपंचवीस ओळींत काम होतं. यावर मी जास्त लिहीत नाही, कारण चुका इथे होत नाहीत. चुका साइटवर होतात, सॉफ्टवेअर त्या नीट सजवून दाखवतं.

स्वतःचं वजन आधी तोला

खरं काम सुरू करण्याआधी दोन छोट्या परीक्षा घ्या. त्या न घेता काढलेला आकडा मी तरी वाचत नाही.

पहिली: काहीही न बदलता तासाभरात तीस फोटो काढा. उत्तर तिसांत शून्य यायला हवं. ते येणार नाही. ते जेवढं वरखाली होतं, तेवढा तुमच्या यंत्रणेचा गोंगाट. तो ०.३ मिलिमीटर असेल तर ०.२ मिलिमीटरच्या हालचालीबद्दल बोलायचा अधिकार तुम्हाला नाही.

दुसरी: ठाऊक असलेली हालचाल द्या. गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह सेट करायला फीलर गेज वापरतात, पातळ पोलादी पात्यांचा गुच्छ, त्यातलं ०.५ मिलिमीटरचं पातं पाइपवरच्या खुणेखाली सरकवा आणि कॅमेरा किती सांगतो ते पाहा. गेज नसेल तर झेरॉक्सचे कागद घ्या. साधा ८० ग्रॅमचा कागद जवळपास ०.१ मिलिमीटर जाड असतो. दहा कागदांची चळत व्हर्नियरनं मोजा, ती खुणेखाली घाला. विद्यार्थ्यांकडून मी हे हटकून करून घेतो. चळत खाली गेली आणि पडद्यावर ०.९८ आला की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कुठल्याही व्याख्यानानं येत नाही. १.४ आला की शिकायला जास्त मिळतं.

ऊन नावाचा भार

गच्चीखालच्या तुळईवर दुपारी कुणीही चढलेलं नसतं, तरी ती हलते. वरचा भाग तापून लांबतो, खालचा गारच असतो, आणि तुळई मधोमध वर फुगते. टेकूंवर मोकळी बसलेली, ५ मीटर गाळ्याची आणि ४५० मिलिमीटर खोलीची तुळई धरा. वरखाली दहा अंशांचा फरक पडला तर हा फुगवटा सुमारे ०.७ मिलिमीटर होतो. खांबांत घट्ट ओतलेली असेल तर कमी. रात्री ती परत खाली येते. पहाटे एक आणि दुपारी एक असं वाचन घेणारा माणूस हे चढउतार पाहून काहीही निष्कर्ष काढू शकतो, आणि काढतोही.

तुमचा पाइपही निर्दोष नाही. तीन मीटर पोलाद दहा अंशांनी तापलं की ०.३६ मिलिमीटर वाढतं. पाइपची खूण वर गेली की तुळई खाली आल्यासारखी दिसते. उन्हाचा पट्टा पाइपवर पडत असेल तर त्याला पांढरा रंग द्या किंवा गोणपाट गुंडाळा, आणि पाइपचं तापमान लिहून ठेवा.

सगळ्यात सोपा इलाज म्हणजे सूर्य उगवायच्या आत वाचन घेणं. पहाटे पाच ते सहा या वेळात इमारत सारख्या तापमानाला आलेली असते, वाहनं कमी, माणसं झोपलेली, आणि तापलेल्या हवेची ती थरथरही नसते जी दुपारी लांबच्या खुणेला पाण्यातल्यासारखी डुलवते. दरमहा एक पहाट द्या. वर्षभर द्या. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा पाहिल्याशिवाय तुळई खचत चालली आहे असं म्हणता येत नाही; आलेख ऋतूबरोबर फिरून जागेवर आला तर तो हवामानाचा आहे, एकाच दिशेनं उतरत राहिला तर काळजीचा.

नव्या इमारतीत मात्र पहिल्या वर्षी वाक वाढणं अपेक्षितच असतं. काँक्रीट सततच्या भाराखाली हळूहळू सरकत राहतं. आयएस ४५६ या मानकात २८ दिवसांच्या काँक्रीटसाठी हा सरकण्याचा गुणांक १.६ दिला आहे. लवकर, सातव्या दिवशी भार दिला तर २.२. घाईघाईनं सेंटरिंग काढणाऱ्यांची बिलं पुढच्या वर्षी फरशीच्या तड्यांतून येतात, ती इथून.

भारचाचणीत कॅमेऱ्याचं मत किती मानायचं

आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत चाचणीची पद्धत स्पष्ट आहे. पूर्ण स्थिरभार आणि वापरभाराच्या सव्वापट भार २४ तास ठेवायचा, वाक मोजायचा, मग वापरभार काढून २४ तासांत तुळई किती परत येते ते पाहायचं. ७५ टक्के तरी परत यायला हवी. नाही आली तर ७२ तासांनी पुन्हा चाचणी घेता येते आणि तेव्हा ८० टक्के लागतात. एक सूटही आहे: मीटरमधल्या गाळ्याचा वर्ग गुणिले ४०, भागिले मिलिमीटरमधली खोली, यातून येणाऱ्या मिलिमीटरांपेक्षा वाक कमी असेल तर परत येण्याची अट लागू होत नाही.

आपल्या ५ मीटरच्या, ४५० खोलीच्या तुळईला ती मर्यादा २.२ मिलिमीटर येते. ही सूट मिळणार की नाही ते २.२ वर ठरतं. कॅमेऱ्याचा गोंगाट ०.३ असेल आणि आकडा २.१ आला, तर सूट मिळाली की नाही? मी म्हणेन माहीत नाही. म्हणून निकाल देणारं वाचन ०.०१ मिलिमीटर दाखवणाऱ्या डायल गेजचंच ठेवा, आणि कॅमेरा शेजारी दुसरा साक्षीदार म्हणून लावा. तो रात्रभर जागतो, गेजला कुणाचा धक्का लागला तर ते दाखवतो, आणि गेज वाचायला वारंवार खाली जावं लागत नाही. गेजच्याच तबकडीवर एक कॅमेरा रोखून ठेवला तरी निम्मं काम झालं. हा मार्ग इतका साधा आहे की लोकांना सांगताना मला थोडं लाजल्यासारखं होतं.

चाचणी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या देखरेखीखालीच करायची, आणि तुळईखाली थोडी फट सोडून टेके उभे ठेवायचे. गच्चीवर पाणी भरून घरच्या घरी पाहू, असले उद्योग नकोत.

याच मानकात गाळ्याच्या २५० व्या भागाची मर्यादा आहे, म्हणजे ५ मीटरला २० मिलिमीटर. सोसायटीच्या सभेत कुणीतरी हा आकडा काढतं आणि "आपली १२ च आहे" म्हणून सगळे निर्धास्त होतात. तो आकडा आराखडा करताना पाळायचा आहे. जुन्या तुळईला धोक्याची घंटा म्हणून तो उपयोगाचा नाही. शिवाय तुमचं पहिलं वाचन हे शून्य असतं. त्याआधी तुळई किती वाकली होती ते कॅमेऱ्याला माहीत नसतं, आणि गिलाव्याच्या जाडीमुळे लाइनदोरीलाही नीट कळत नाही.

प्रयोगशाळेतल्यांसाठी थोडं

कॉलेजच्या लोडिंग फ्रेमवर तुळई मोडत असाल तर मध्यबिंदूवर थांबू नका. तुळईच्या बाजूला मॅट पांढरा रंग द्या आणि त्यावर काळे शिंतोडे उडवा. शाळेत टूथब्रश आणि कंगवा घेऊन स्प्रे पेंटिंग करायचो तसे. फोटोत एक शिंतोडा तीन ते पाच पिक्सेलांचा आला पाहिजे. प्रत्येक छोट्या चौकोनातली शिंतोड्यांची नक्षी वेगळी असल्यानं सॉफ्टवेअर भाराआधीच्या आणि नंतरच्या फोटोत तो चौकोन ओळखून काढतं, आणि सबंध बाजूवर कुठे किती ताण आला त्याचा नकाशा मिळतो. या पद्धतीचा पाया अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घातला गेला. आज एनकॉरसारखं साधन ते काम विनामूल्य करतं. डोळ्याला तडा दिसायच्या आधी नकाशावर ताणाची लाल रेघ उमटते, तो क्षण प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा पाहावा. तुळई कॅमेऱ्याच्या दिशेनं सरकू देऊ नका मात्र. दोन मीटर अंतरावर ती ४ मिलिमीटर पुढे आली तर सगळंच ०.२ टक्क्यांनी मोठं दिसतं, आणि नकाशात नसलेला ताण उगवतो.

मोठ्या पुलांवरही कॅमेरे लावले गेले आहेत. ब्रिटनमधल्या हंबर पुलाचा, १४१० मीटरच्या गाळ्याचा, झोल कॅमेऱ्यानं मोजल्याचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. तिथे सेंटीमीटरांत हालचाल असते. आपल्या पाच मीटरच्या बीमपेक्षा काम एका अर्थानं सोपं. २०१२ पासून एमआयटीतल्या संशोधकांचे सूक्ष्म हालचाल फुगवून दाखवणारे व्हिडिओ फिरत असतात. ते पाहायला विलक्षण आहेत, पण त्यात दिसणारी हालचाल मुद्दाम अनेक पट केलेली असते. इमारत डोलतेय असा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी हे लक्षात असू द्या.

कॅमेरा गप्प राहतो तेव्हा

तुळई वाकून इशारा देते, हे सळईचं प्रमाण नीट असलेल्या तुळईबाबत खरं. पण टेकूजवळ तिरके तडे पाडून कातरली जाणारी तुळई फारसा वाक न दाखवता जाते. सळई गंजून कव्हर सुटत असतं, तेव्हाही मधला आकडा महिनोन्‌महिने जागचा हलत नाही. त्यामुळे आलेख सपाट आहे म्हणजे तुळई ठणठणीत आहे, असं नाही. टेकूजवळ तिरका तडा, गंजाचे तपकिरी ओघळ, निसटलेले काँक्रीटचे पोपडे, अचानक अडकायला लागलेली दारं, किंवा भार तोच असताना रोज वाढणारा वाक, यांतलं एकही दिसलं तर फोटो काढत बसायचं नाही. खालच्या गाड्या आणि माणसं हलवायची, टेके लावायचे आणि इंजिनिअरला बोलवायचं. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानंच लागतं. कॅमेऱ्याची फाइल त्या ऑडिटला मदत करते, त्याची जागा घेत नाही.

आणि ती फाइल देताना मूळ फोटो द्या, पेन ड्राइव्हवर. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा टाकलेला फोटो आकुंचन पावून पोहोचतो. चार हजार पिक्सेल जपायला वर्षभर पहाटे उठायचं आणि शेवटच्या पायरीवर ते घालवायचे, असं होतं. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत वही द्या: तारीख, वेळ, हवेचं आणि पाइपचं तापमान, फोटो कुणी काढले, आणि शेरा. शेऱ्याचा रकाना मोठा ठेवा. वर टाकी भरत होती, शेजारी ड्रिलिंग चालू होतं, पाइपला कुणाची सायकल लागली, सगळं लिहा. सहा महिन्यांनी आलेखात एखादी उडी दिसते तेव्हा उत्तर त्याच रकान्यात सापडतं. शाळेतल्या त्या रात्रीच्या वहीत माझ्या सहकाऱ्यानं लिहिलेली ओळ अजून आहे: "३.१० - कागद सुटला. तुळई जागेवर."